दुपारची बंद विहीर

हे सगळं २०२४ सालच्या उन्हाळ्यात घडलं. आदल्या वर्षी पाऊस नांदगावकडे फिरकलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. तरीही फाल्गुनापर्यंत आमच्या वस्तीवरच्या विहिरीत पोहरा सोडला की 'डुबुक' असा आवाज यायचा. चैत्रात एका सकाळी पोहरा दगडावर आपटला. काठावर आम्ही पाच-सहा बायका होतो. आवाज सगळ्यांनी ऐकला, पण ऐकला असं म्हणायला कुणाची जीभ उचलेना. पोहरा थोडा बाजूला सरकवून पुन्हा सोडला, तेव्हा निम्मा भरून आला. आम्ही घाईघाईनं दुसरंच काहीतरी बोलू लागलो.

माझी पंचाहत्तरी तेव्हा जवळ आली होती. लग्नानंतरची पहिली काही वर्षं इथे काढली, मग नाशिकच्या सरकारी दवाखान्यात मी जन्मभर नर्स होते. मालक गेल्यावर सासरच्या या वस्तीवर परत येऊन राहिले. आम्हा बौद्धांची वस्ती, गावापासून ओढ्यापलीकडे. मला सगळे सिस्टर म्हणतात. माझी थोरली जाऊ धोंडाबाई हीसुद्धा सिस्टरच म्हणायची, पण तिच्या तोंडी ते टोमण्यासारखं यायचं. "सिस्टर, तुमच्या हातचा च्या म्हणजे औषध वो, नाक धरून प्यावं लागतं."

मी लग्न होऊन आले तेव्हा ही विहीर नव्हती. पाणी गावातल्या विहिरीचं, पण त्या विहिरीला आम्ही हात लावायचा नाही. रिकामा हंडा घेऊन लांब बसायचं आणि कुणीतरी येऊन वरून ओतेल याची वाट बघायची. ओतणाऱ्यांत भल्या बायकाही होत्या. गावातल्या कोंडाजींच्या घरची म्हातारी हंडा काठोकाठ भरायची, एक थेंब सांडू द्यायची नाही. अपमानाचं म्हणाल तर त्याचीही माणसाला सवय होते. मला भीती वाटायची ती वेगळीच. आज कुणी आलंच नाही तर? घरी पोर तापानं फणफणलेलं असायचं आणि मी तिथे उन्हात बसून गावच्या वाटेकडे बघत असायचे. ती भीती पोटात कुठे बसते ते मला अजून बोटानं दाखवता येईल.

बाहत्तरच्या दुष्काळात वस्तीनं आपली विहीर खणली. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची आणि उतरत्या उन्हात इथे माती उपसायची. धोंडाबाईला तेव्हा दिवस गेले होते, तरी तिनं पाटी खाली ठेवली नाही. पाणी लागलं ते एका कपारीतून, करंगळीएवढ्या धारेनं. धार बारीक आणि हंडे फार. म्हणून त्याच उन्हाळ्यात एक रीत पडली. सकाळची खेप झाली की विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या फांद्या टाकायच्या आणि दिवस कलेपर्यंत कुणी पोहरा सोडायचा नाही. तेवढ्यात झरा हळूहळू तळ भरून काढतो. संध्याकाळी फांद्या काढायच्या. घरटी खेपा सारख्या, फक्त बाळंतीण असलेल्या घराला एक जास्त. याला आम्ही 'विहीर बंद ठेवणं' म्हणत आलो. दारात पाहुणा येऊ दे की घरात लग्न असू दे, बंद म्हणजे बंद.

आता शेखरविषयी सांगते. शेखर हा कोंडाजींचा नातू. ओढ्याच्या काठाला त्यानं पाण्याचा कारखाना टाकला होता. जार, छोट्या बाटल्या, आणि पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसना टँकर. त्याच्या बोअरला आदल्या वर्षी सरकारी परवानगी मिळाली आणि तेव्हापासून मोटर दिवसरात्र चालायची. वस्तीवर तिची घरघर सतत ऐकू यायची. आमच्या धोंडाबाईचा मुलगा नवनाथ त्याच मोटरीवर ऑपरेटर होता. पगार वेळेवर, घरापासून जवळ. शेखर गावातला असून आपल्या माणसाला कामावर घेतो, याचं आम्हाला कौतुकच होतं.

पोहरा दगडावर आपटला त्याच आठवड्यात शेखर वस्तीवर आला. मागे दोन माणसं, त्यांच्या खांद्यावर भरलेले जार. ते त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवले.

"जय भीम, सिस्टर. पाणी संपलं म्हणं तुमच्याकडं."

"संपलं नाही," मी म्हणाले. "कमी झालंय."

"तेच ते. आता या वयात कशाला विहिरीत डोकवायचं? पाय घसरला तर? मी कारखान्याच्या गेटवर नळ काढून देतो. फुकट. सकाळी यायचं, वॉचमन पाणी सोडंल. आमची आजी तुम्हाला पाणी द्यायची, आता मी देतो. खानदानी काम हे आमचं." तो हसला. त्याची माणसंही हसली.

त्याचा हेतू वाईट नसेलही. पण मला गावच्या विहिरीपासचा तो रिकामा हंडा आठवला.

"आणि वॉचमन जागेवर नसला तर?" मी विचारलं.

"तर थांबायचं जरा. पाणी काय पळून चाललं का?"

धोंडाबाई शेजारी तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. शेखर जायला उठला आणि चपला घालता घालता म्हणाला, "हां, येत्या सोमवारी शाळेत सुनावणी हे. दुसरी बोअर मागितली मी. तुम्ही शिकलेल्या, सिस्टर, तुमच्या शब्दाला वजन हे. उगं काही बोलून बसू नका. नवनाथला मी कधी परकं मानलं नाय."

"शेखर, पिण्याच्या विहिरीला लागून दुसऱ्या बोअरची परवानगी मिळेलच कशी?"

"पिण्याची विहीर? कोणती?" त्याला खरंच नवल वाटल्यासारखं दिसलं. "ती तर बंद हे ना! बाहत्तर सालापासून. मी नाय म्हणत, धोंडामावशींनीच सांगितलं सर्व्हेवाल्याला. पहिली परवानगी त्याच्यावरच निघाली. काय वो मावशी, खोटं बोलतो का मी?"

तांदळातला धोंडाबाईचा हात थांबला.

शेखर गेल्यावर तिनं मला सांगितलं. आदल्या उन्हाळ्यात शेखरच्या कंपनीनं बोअरच्या सर्व्हेसाठी नेमलेला एक शहरी पोरगा भर दुपारी आला होता. मी तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला होते. विहिरीवर फांद्या बघून त्यानं विचारलं, ही विहीर बंद आहे का? धोंडाबाई म्हणाली, हो, बंद हाय. कधीपासून? तिला वाटलं, पोरगा आपली रीत विचारतोय. तिनं हौसेनं सांगितलं, लय जुनं हाय बाबा, बाहत्तरच्या दुष्काळापासून. त्याला पाणीही पाजलं. तो ते पिऊन गेला.

"त्यानं प्याला तो तांब्या ह्याच विहिरीचा होता, सिस्टर," ती म्हणाली. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. "मीच मारली का वो विहीर?"

"तुम्ही कशाला माराल? त्याला विचारायचं कळलं नाही."

"पण बोललं तर माझं तोंड ना."

त्या दिवसापासून तिचं हसणं-बोलणं आटलं. वस्तीवर हे कळलं तर बायका आपल्याला काय म्हणतील, याची तिला धास्ती. सुनावणीत हे सांगावं तर नवनाथच्या नोकरीची धास्ती. मला धास्ती होती ती गेटवरच्या नळाची. ओट्यावरच्या जारांची सीलं आम्ही दोन-तीन दिवस फोडली नाहीत. मग एका सकाळी विहिरीत पोहरा निम्माही भरेना, तेव्हा फोडली. पाणी गोड होतं. चव ओळखीची होती.

सुनावणीच्या आदल्या दुपारी मी धोंडाबाईकडे भाकरी घेऊन गेले. दार उघडं, घर रिकामं. हाक मारली, उत्तर नाही. चपला उंबऱ्याशीच होत्या. एवढ्या तापल्या मातीत ती अनवाणी कुठे गेली असेल? मी ओढ्याकडे बघितलं, विहाराकडे बघितलं. मग विहिरीकडे बघितलं आणि माझ्या हातातली भाकरी खाली पडली.

फांद्या बाजूला ओढलेल्या होत्या.

भर दुपारी त्या फांद्यांना आजवर कुणी हात लावला नव्हता. त्यातून ही बाई. विहिरीपर्यंतची ती वाट मी कशी चालले ते मला सांगता येणार नाही. दवाखान्यात मी विहिरीतून काढलेली माणसं पाहिली होती, बायका जास्त. काठाजवळ पोचल्यावर पाय पुढे टाकवेना. वाकून बघितलं तर जे दिसेल ते खरं होणार होतं. नाही बघितलं तर अजून काहीच झालेलं नव्हतं. मी तशीच उभी राहिले. मोटरीची घरघर तेवढी चालू होती.

मग खालून आवाज आला. "कोण हाय वर? सावली पडली."

"जाऊबाई!"

"वरडू नका. खाली आवाज घुमतो."

मी वाकले. विहिरीच्या कडेला जे दगडी पायटे आहेत, त्यांवरून ती ऐंशीला टेकलेली बाई उतरली होती. तळात चिखल होता. ती त्या कपारीला चिकटून बसली होती, तळहात दगडावर ठेवून. तापलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते तसा.

"ओल हाय वो, सिस्टर. मेला नाय अजून झरा."

तिला वर येता येईना, गुडघे धरले होते. मी फोन लावला तसा नवनाथ कारखान्यातून धावत आला. आईला बघून तो आधी खूप चिडला. "म्हातारपणी काय नाद लागला तुला? लोक काय म्हणतील, नवनाथनं आई विहिरीत लोटली!" शिव्या घालतच तो खाली उतरला. तिला पाठीवर घेणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आधी इथं कान लाव."

"आई, चल वर."

"लाव म्हनते ना."

त्यानं कपारीला कान लावला. वरून मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण तो बराच वेळ हलला नाही. वर आल्यावर त्यानं आईला सावलीत बसवलं आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "काकू, मोटर ऐकू येती खाली. माझी मोटर. दगडातून." आणि तो परत कामावर निघून गेला.

सोमवारी शाळेच्या पटांगणात मंडप होता. खर्च शेखरचा. प्रत्येक खुर्चीवर त्याच्या कारखान्याची थंडगार बाटली ठेवलेली. गावातली बरीच माणसं होती, त्यांतल्या निम्म्यांचे टेम्पो आणि टँकर कारखान्यावर चालायचे. पाण्याच्या कार्यालयातून एक तरुण मॅडम आल्या होत्या. त्यांनी हरकत कुणाची आहे का विचारलं.

मी उठले आणि विहिरीचं सांगितलं. मॅडमनी कागद चाळले. "पण ती विहीर बंद आहे अशी नोंद आहे."

"मॅडम, वस्तीवरच्याच बाईनं सांगितलेलं हे," शेखर म्हणाला. "ह्या बघा, बसल्यात तिथं. विचारा त्यांना."

सगळा मंडप वळून धोंडाबाईकडे बघू लागला. ती उठली. मी तिचा हात धरला होता.

"आजी, तुम्ही बंद म्हणाला होतात?"

"म्हनले होते."

मंडपात खसखस पिकली. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं! निकाल लागला."

"पन ती दुपारची बंद हाय, बाई," धोंडाबाई म्हणाली. "सांजंला उघडती."

आता तर सगळे मोठ्यानं हसले. "मावशी, विहीर हे का किराणा दुकान?" धोंडाबाईला पुढे बोलता येईना. ती मटकन खाली बसली. मला वाटलं, संपलं. आता जन्म सरेपर्यंत गेटवरचा नळ.

मॅडम मात्र हसल्या नव्हत्या. त्या पेन हातात फिरवत होत्या. "संध्याकाळी म्हणजे कधी?" त्यांनी विचारलं.

"दिवस कलला की," मी म्हणाले.

"मी उद्या येते. तुम्ही उघडाल तेव्हाच येते. पाणी असलं तर तशी नोंद करीन, नसलं तर तशी."

हे ऐकून मला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट मी धसकाच घेतला. कारण विहिरीत पाणी नव्हतं. आदल्या दोन्ही संध्याकाळी आम्ही चिखल गाळून घेतला होता. मॅडम येणार, बघणार, आणि विहीर खरोखरच बंद म्हणून लिहिणार. जे आजवर खोटं होतं ते उद्या आमच्याच डोळ्यांदेखत खरं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात उभी होते. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. कुणी मेलं की घरात जशी शांतता होते तशी शांतता होती. बराच वेळ मला उमगेना. मग लक्षात आलं, घरघर बंद होती. मी धोंडाबाईकडे बघितलं. तिलाही ते कळलं होतं. "नवनाथ रात्री जेवायला आला नाय," ती हळूच म्हणाली. आम्ही दोघी त्यावर आणखी काही बोललो नाही. जणू बोललं तर मोटर सुरू होईल.

त्या दिवशी सकाळची खेपही कुणी भरली नाही. दिवसभर फांद्यांकडे नुसतं बघत बसलो.

दिवस कलता कलता मॅडमची गाडी आली. मागोमाग शेखर, त्याच्याबरोबर गावातली माणसं. वस्तीवरच्या बायका हंडे घेऊन उभ्या राहिल्या. धोंडाबाईनं पदर खोचला आणि एक एक फांदी ओढून बाजूला केली. तिनं पोहरा हातात घेतला. तिनं दोर सोडला, पोहरा कडेला आपटत खाली गेला. मी डोळे मिटून घेतले.

डुबुक.

मॅडमनी पुढे होऊन वाकून बघितलं. "हातभर तरी आहे," त्या म्हणाल्या. धोंडाबाईनं पोहरा वर ओढला. गढूळ होतं, पण काठोकाठ होतं.

तेवढ्यात नवनाथ ओढ्याकडून चालत आला. डोळे लाल, अंगावर कालचाच शर्ट. शेखर त्याच्याकडे धावलाच. "मोटर कुणी बंद केली? खोलीला कुलूप लावून किल्ली कुठं नेली? टँकर उभे हायेत कालपासून! फोन का उचलत नाय?"

"दुपारची बंद ठेवलीय, मालक," नवनाथ म्हणाला. "आमच्यात रीत हे."

वस्तीवरची पोरं फिदीफिदी हसली आणि शेखरचा तोल गेला. तो पोहऱ्याकडे बोट दाखवून ओरडला, "बघा मॅडम, बघा! ह्यानं माझी मोटर बंद ठेवली म्हणून आलंय पाणी ह्या विहिरीत! नाय तर ठणठणीत कोरडी होती!"

मग त्यानं बोट खाली घेतलं. आपण काय बोललो ते त्याला उशिरा कळलं, पण कळलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. मला नाही तर मोटर चालवून विहिरीची पातळी बघायची पंप चाचणी मागवावी लागली असती. आताही मागवीन, पण काय शोधायचं ते कळलं."

मग पाळीनं हंडे भरले. अर्ध्या वस्तीला पुरलं, अर्धीला नाही. ज्यांना मिळालं त्यांनी वाटून घेतलं. शेखर तिथून जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "सिस्टर, आजीनं कधी पाणी मोजलं नव्हतं तुम्हाला." त्याला खरंच लागलं होतं. पण मला त्या संध्याकाळी त्याची दया आली नाही.

त्याला आता बराच काळ लोटला. दुसऱ्या बोअरची परवानगी नाकारली. पहिल्या बोअरवर मीटर बसला आणि पाडव्यापासून पाऊस पडेपर्यंत ती दिवसा बंद ठेवायची अशी अट आली. मॅडमची पुढे बदली झाली, कुठे ते ठाऊक नाही.

नवनाथची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. तो पिंपळगावला द्राक्षांचे क्रेट वाहणारा टेम्पो चालवतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. आला की आधी विहिरीत डोकावतो, मग घरात जातो. शेखरचा कारखाना चालू आहे. अट तो बहुतेक वेळा पाळतो. जेव्हा पाळत नाही तेव्हा आम्हाला ऐकू येतं आणि मी फोन करते. कधी उचलतात, कधी नाही. गेटवरचा नळ त्यानं बसवला होता, तो तसाच आहे. आणि डोंगरापलीकडे त्यानं नवी जागा घेतली आहे असं ऐकते. तिकडेही वाड्या आहेत, विहिरी आहेत. तिकडे दुपारी कोण गेलं असेल आणि कुणी काय सांगितलं असेल, हा विचार आला की माझी भाकरी हातातच राहते.

धोंडाबाई त्याच वर्षी थंडीत गेली. न्यूमोनिया झाला होता. मी रात्रंदिवस तिच्याजवळ होते. "तुमचा च्या आता गोड लागतो, सिस्टर," असं म्हणाली, तेव्हाच मला कळलं की ही राहत नाही.

मी आहे. पोहरा आता मला ओढवत नाही, पण संध्याकाळी काठावर बसून आवाज ऐकते. रीत चालू आहे. फक्त 'बंद' हा जुना शब्द वस्तीवरून गेला, कुणी तोंडातही घेत नाही. बाहत्तरपासूनचा शब्द होता, त्याची मला रुखरुख लागते. दुपारी कुणी परका माणूस आला आणि फांद्यांकडे बघत उभा राहिला की घराघरांतून पोरं बाहेर पळत येतात आणि त्यानं काही विचारायच्या आधीच ओरडतात, "चालू हे! चालू हे!"